सारवलेलं अंगण

सुभद्राच्या अंगणात ताट विसरलं तर भात भुईवरच वाढून घ्यावा, असं गावातल्या बायका म्हणत. त्या म्हणण्यात निम्मं कौतुक असे आणि निम्मा जळफळाट. अंजनगावच्या अंगाला असलेल्या त्या गावात आता बहुतेकांनी अंगणात फरशी घातली होती. फरशी म्हणजे काय, फडकं मारलं की झालं. सुभद्रा मात्र आपल्या अंगणाला सिमेंट लागू देत नव्हती. सकाळी गोठ्यातलं ताजं शेण घ्यायचं, पाण्यात कालवायचं आणि उकिडवं बसून, पंजा फिरवत फिरवत मागे सरकत जायचं, हा तिचा नेम होता. नवरा नत्थुजी एकदा गवंड्याला घेऊन आला होता. गवंडी चहा पिऊन परत गेला.

गावाची मिजास पानमळ्यांची होती. पांगाऱ्या-शेवऱ्यांच्या सावलीत नागवेल, आणि नागवेलीच्याच गोतातली पानपिंपळी. बोटाच्या पेराएवढं तिचं कणीस तयार झालं की तोडायचं आणि उन्हात वाळवायचं. ते काळं पडतं, आणि जिभेवर ठेवलं की कानापर्यंत गरम होतं. खोकला, पोट, बाळंतीण, तान्ह्याची घुटी, कुठेही बघा, पिंपळीवाचून वैद्याचं पान हलत नाही. मळ्यात शिरायचं ते आंघोळ करून आणि अनवाणी, चपला कुंपणाबाहेर. वेल म्हणजे देव. त्याचं बेणं, म्हणजे लावणीच्या कांड्या, विकायच्या नाहीत. आपल्यातल्या कोणी मागितल्या तर ओंजळ भरून द्यायच्या. 'आपल्यातल्या' हा शब्द कोणी मोठ्याने म्हणत नसे. तशी वेळच येत नसे.

ती वेळ आणली पायल मॅडमनी. औषधी वनस्पतींची लागवड आणि दर्जा सुधारायच्या एका प्रकल्पावर ही पोरगी काम करत होती. राहायला अमरावतीला राजापेठेत, आणि एसटीने गावोगाव हिंडायची. तिने मळेवाल्यांचा गट बांधला, नत्थुजीला अध्यक्ष केलं आणि सगळ्यांचा माल एकत्र करून थेट मुंबईच्या निर्यातदाराला द्यायचं ठरवलं. तो पुढे चीनला पाठवणार होता. तिकडच्या जुन्या औषधांतही हीच पिंपळी घालतात, हे ऐकून गावाला मोठी गंमत वाटली.

"आजवर तिकडचे मोबाइल इकडे आले," महादेवराव म्हणाला. "आता आपली पिंपळी तिकडे. बराबर फिट्टमफाट!"

"मोबाइल बिघडला तर दुरुस्त होतो, काका," पायल म्हणाली. "पिंपळी बिघडली तर ते परत पाठवतात. फार कडक तपासणी असते त्यांची."

मग तिने शिकवलं. कोवळं कणीस तोडायचं नाही. हात साबणाने धुवायचे, केस बांधायचे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, माल जमिनीवर वाळवायचा नाही. त्यासाठी कमरेइतक्या उंच लाकडी चौकटी आल्या, त्यांवर हिरवी जाळी ताणलेली. गावातलं सगळ्यांत मोठं अंगण सुभद्राचं, शिवाय अध्यक्षाचं घर, म्हणून चौकटी तिथेच मांडल्या गेल्या. आपल्या सारवलेल्या अंगणावर हे लाकडी खूर रोवलेले पाहून सुभद्राला वाईट वाटलं. पण पायल गोड बोलायची, आणि सुभद्राला ती आवडायची.

निवडायला आणि वाळवायला पायलने भागीरथाला आणलं. भागीरथा बौद्धपुऱ्यातली, विहाराच्या मागे घर. नवरा अकोल्याला एका जिनिंगमध्ये कामाला होता. गावाबाहेर नाल्याकाठी तिचा जमिनीचा लहानसा पट्टा होता. बाई कामाला वाघ होती, पण आजवर तिचं काम कपाशीत आणि सोयाबीनमध्ये. मळ्याच्या कुंपणाच्या आत तिच्या घरातलं कोणी कधी गेलं नव्हतं. गटाच्या बैठकीत यावर बराच खल झाला. मजा अशी, की पायलही त्याच समाजातली, हे गावाने तिचं आडनाव विचारून पहिल्याच दिवशी काढून घेतलं होतं. पण मॅडम खुर्चीवर बसायच्या. गावाचं सोवळं खुर्ची बघून वागतं.

शेवटी तोड निघाली. भागीरथाने मळ्यात शिरायचं नाही. नत्थुजीच्या अंगणात काम करायचं. सुभद्राने हो म्हटलं. मनातून ती थोडी कचरली, पण भागीरथा पहिल्या दिवशी आली ती नखं कापून, धुतलेलं लुगडं नेसून आणि डोक्याला पांढरं फडकं बांधून. अंगणाच्या कडेला चप्पल काढली, हात कोपरापर्यंत धुतले आणि जाळीपाशी उभी राहिली. कोवळं कणीस तिच्या बोटांना न बघता कळू लागलं. दुपारी दोघी आपापली भाकरी खात, सुभद्रा ओसरीवर आणि भागीरथा तुळशीच्या अलीकडे, आणि मधलं अंतर बोलण्याने भरून काढत. सुभद्राची लेक दामिनी बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं लेकरू रडलं की भागीरथा लांबूनच चुटक्या वाजवून त्याला गप्प करायची.

एकदा नत्थुजीने निवडलेली पिंपळी ओंजळीत घेऊन पाहिली आणि खूश होऊन म्हणाला, "माल पास होऊ दे, भागीरथाबाई. वेल छाटले का तुले बेणं देतो. नाल्याकाठी लाव तुहा मळा. माहा शब्द हाये."

 त्याच आठवड्यात भागीरथाने नाल्याकाठच्या पट्ट्यात शेवरी टोकली. पिंपळीला सावली लागते, ती आधी वाढवावी लागते. बेणं यायच्या आधीच या बाईने सावलीची तयारी केली, हे ऐकून सुभद्राला हसू आलं आणि भरूनही आलं.

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार आला. लक्ष्मीचा दिवस. मोठ्या तोडणीचा माल जाळ्यांवर पसरलेला होता, चांगला काळा पडत आलेला. सुभद्रा पहाटे उठली, चौकटी भिंतीकडे सरकवल्या आणि अंगण असं सारवलं की सारवणावर सारवण. उंबऱ्यापासून रांगोळीने लक्ष्मीची पावलं काढली. आणि मग तिची नजर जाळ्यांवर गेली. वर्षाची लक्ष्मी ती, आणि तिला आजच्या दिवशी असं अधांतरी, प्लास्टिकच्या जाळीवर ठेवायचं? तिच्या सासूने कधी पिंपळी भुईवर टेकवली ती सारवल्यावाचून नव्हे. एका दिवसाने काय होतं? जिथे देवीची पावलं उमटतात, त्याहून स्वच्छ जागा कोणती? तिने सुपाने माल उचलला आणि ओल्या सारवणावर, रांगोळीच्या कडेने पसरला. हळद-कुंकू वाहिलं. हात जोडले. तिला खरोखर फार समाधान वाटलं.

भागीरथा आली आणि अंगणाच्या कडेलाच थबकली.

"काकू, खाली काऊन टाकलं? मॅडमनं तं जाळी सोडू नोका म्हनलं होतं."

"आज गुरवार हाये वं. एक दिवस भुईले टेकू दे. संध्याकाळी उचलून घेतो."

 ती पावलं, ते कुंकू, त्यात बोट घालणं आपलं काम नव्हे, असं भागीरथाला वाटलं. "तुमी म्हनता तं," एवढंच म्हणून ती दुसऱ्या मालाकडे वळली. संध्याकाळी दोघींनी मिळून पिंपळी उचलली. खालच्या कणसांना शेणाचे पापुद्रे चिकटले होते. ते सुभद्राने पदराने पुसून काढले. मग ती पिंपळी सगळ्यांच्या मालात मिसळली गेली आणि पोती शिवली गेली.

संक्रांत होऊन गेली आणि मुंबईच्या तपासणीतूनच माल परत आला.

टेम्पोतून पोती उतरताना गटातले सगळे सुभद्राच्या अंगणात जमले. पायल सकाळच्या एसटीने आली होती, चेहरा उतरलेला. तिने कसंबसं सांगितलं, "कस एक नंबर आहे. कणीस पक्कं आहे. पण जंतू सापडले. सगळ्या पोत्यांत." मग म्हणाली, "पोटातले जंतू. विष्ठेत असतात ते."

विष्ठा म्हटल्यावर पुढचं कोणी ऐकलंच नाही. कुणीतरी तोंडाला उपरणं लावलं. महादेवराव हळूच म्हणाला, "हाताचा दोष असन." कोणाच्या हाताचा, हे विचारावं लागलं नाही. सगळ्या माना एका दिशेला वळल्या. तिथे भागीरथा आपले दोन्ही हात पोटाशी धरून उभी होती.

"असं कोणाचं नाव घेऊ नका," पायल म्हणाली. "जमिनीवर वाळवलं की असं होतं. कधी माल जाळीवरून खाली काढला होता का? एखादा दिवसही? भागीरथाताई, तुम्ही रोज होतात."

भागीरथाने मान वर केली. तिने सुभद्राकडे पाहिलं. "माह्या बोलन्याले इथं कोन मोजते?" ती म्हणाली. "काकूले इचारा. काकूच सांगतीन."

 सांगायचं ते सुभद्राच्या ओठावर होतं. पण समोर अख्खा गट होता, नवरा होता, वर्षाची मेहनत पोत्यांत कुजकी ठरून पडली होती, आणि ती ज्यावर उभी होती ते तिचं अंगण होतं, गावाने ज्याचे गोडवे गायले ते. आपल्या अंगणाने हे केलं? देवीच्या पावलांनी? हे तिला बोलवेना, आणि खरं सांगायचं तर तिला पटेनाही.

"जाळीवरच होतं," ती म्हणाली.

भागीरथा तिच्याकडे बघत राहिली. त्या नजरेत राग असता तर सुभद्राला बरं वाटलं असतं. मग भागीरथाने डोक्याचं पांढरं फडकं सोडलं, घडी घालून जाळीच्या चौकटीवर ठेवलं, कडेच्या चपला पायात घातल्या आणि ती गेली. पायलने तिला हाक मारली, तिने मागे वळून पाहिलं नाही.

पुढे जे व्हायचं ते झालं. "तरी मी म्हनत होतो," असं म्हणणारे गल्लोगल्ली उगवले. या लोकांना तेच आधी म्हणायला कधी तोंड फुटत नाही. नत्थुजीने आपला शब्द मागे घेतला. तो वाईट माणूस नव्हता, पण चार जणांपुढे त्याची मान ताठ राहत नसे. भागीरथाला बेणं द्यायचं नाही आणि कामावरही घ्यायचं नाही, असं ठरलं. तिला शेतमजुरीला बोलावणाऱ्या बायकाही आता पाण्याची कळशी तिच्यापासून दूर ठेवू लागल्या. इतकी वर्षं जे मिटत चाललं होतं, ते महिन्याभरात पुन्हा वर आलं.

सुभद्रा गप्प होती. मनाशी म्हणायची, आपण काय केलं? आपण कुठे भागीरथाचं नाव घेतलं? पण सकाळी शेणाच्या पाटीत हात घातला की तिला पायलचा 'विष्ठा' हा शब्द आठवायचा आणि हात तसाच राहायचा. अंगण दोन-दोन दिवस सारवायचं राहू लागलं. शेजारणी विचारायच्या, काय वं, बरं नाही का? ती म्हणायची, कंबर धरली. कंबर ठणठणीत होती, मन धरलं होतं.

त्यातच नातवाला खोकला झाला. रात्रभर लेकरू कण्हलं. दवाखान्यातून औषध आणलं होतं, तरी दामिनीला आपल्या आजीची घुटी आठवली. दुधात सहाणेवर पिंपळीचे दोन वळसे, की कफ सुटतो.

"आई, पिंपळी दे वं जराशी."

"सरली."

"सरली कशी? थ्या डब्यात तं भरून हाये. तूच भरून ठेवली ना गुरवारची, देवीची म्हून?"

दामिनीने डबा काढला आणि एक कणीस उचललं. सुभद्राने झडप घालून ते तिच्या हातातून काढून घेतलं. डबा खाली पडला, पिंपळी घरभर झाली.

"थे नोको देऊ त्याले!"

दामिनी बघतच राहिली. ती बाळंतीण असली तरी डोळ्यांनी धड होती. त्या गुरुवारी खिडकीतून तिने अंगणही पाहिलं होतं आणि रांगोळीही. तिने हळू आवाजात विचारलं, "तुह्या नातवाले चालत नाई, आई. हे तुले ठाऊक होतं. मंग थे बाई घरी काऊन बसली हाये?"

सुभद्रा खाली बसली आणि सांडलेली पिंपळी वेचू लागली. वेचता वेचता तिला रडू फुटलं. दोष आपल्या सारवणाचा, हे तिच्या मनाला त्याच दिवशी कळलं होतं. पण आपल्याला ते कळलं होतं, हे आज कळलं. मालात दोष नाही असं तिच्या मनाने एक घटकाही मानलं नव्हतं. मानलं असतं तर हात असा आला नसता.

त्या आठवड्यात परत आलेल्या मालाचं काय करायचं हे ठरवायला गट पुन्हा जमला, तिच्याच अंगणात. पायलही आली होती. बोलणी सुरू व्हायच्या आधी सुभद्रा ओसरीवरून उतरली आणि पोत्यांपाशी उभी राहिली. बैठकीत ती आजवर चहा देण्यापुरतीच आली होती.

"माल मी खाली टाकला होता," ती म्हणाली. "गुरवारी. सारवलेल्या भुईवर. ओलं होतं सारवण. भागीरथा नोका म्हनत होती. मी त्या दिवशी खोटं बोलली."

 मग महादेवराव हसला. चांगलं, मायेने हसला.

"वैनी, मन मोठं हाये तुमचं. दुसरीचा दोष आपल्या अंगावर घेऊन राह्यल्या. पन गाईच्या शेनानं कुठं काही बाटते का? शेनानं तं बाटलेलं शुद्ध होते!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. दोघा-तिघांनी तर सुभद्राला हात जोडले. तिने गुन्हा कबूल केला आणि ती जागच्या जागी साध्वी होऊन बसली. पायल बोलायला उठली, शेणात काय असतं ते सांगू लागली, पण कोणी ऐकेना. शाळा शिकलेल्यांना शेणाचं काय कळतं, असं सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. नत्थुजी दबक्या आवाजात बायकोला म्हणाला, "जाय, घरात जाय. झालं तुहं."

सुभद्रा घरात गेली. पण गेली तशी परत आली, हातात सहाण आणि दुधाची वाटी घेऊन. मागून दामिनी आली, लेकरू कडेवर. सुभद्राने पोत्याची शिवण उसवली, एक कणीस काढलं आणि सगळ्यांसमोर बसून दुधात उगाळलं. सहाणेवर करडा लेप उतरला. तो चमच्यात घेऊन ती नवऱ्यासमोर उभी राहिली.

"घ्या. नातू खोकलून राह्यला. द्या त्याले, तुमच्या हातानं."

नत्थुजीने चमचा घेतला. नातवावर त्याचा जीव होता. त्याच्यासाठी तो रात्र रात्र बसला होता. लेकरू आजोबाला बघून तोंड उघडून हसलं. नत्थुजीचा हात पुढे गेला आणि मधेच थांबला. त्याने महादेवरावाकडे पाहिलं. महादेवराव जमिनीकडे बघत होता.

"द्या ना," सुभद्रा म्हणाली.  "शेनानं तं शुद्ध होते म्हनता."

नत्थुजीने चमचा खाली ठेवला.

  पायलने शांतपणे विचारलं, पुढच्या मोसमात जाळीवरच वाळवायचं ना? सगळे हो म्हणाले. हा माल खराब ठरवून वेगळा काढायचा, तेही ठरलं. भागीरथाला परत कामावर बोलवा, कोणीतरी म्हणालं, आणि त्याला कोणी नाही म्हटलं नाही. नत्थुजी उठता उठता म्हणाला, "बेणंही देऊन टाक तिले. माहा शब्द होता." आणि बैठक मोडली. अंगणातून बाहेर पडताना लोक उन्हाळ्यातल्या पाण्याबद्दल बोलू लागले होते.

सुभद्राला हलकं वाटलं. कितीतरी दिवसांनी तिने पोटभर जेवण केलं. दुसऱ्या दिवशी आंघोळ करून ती अनवाणी मळ्यात गेली, चांगल्या जुन्या वेलाच्या कांड्या काढल्या, ओल्या पोतड्यात गुंडाळल्या आणि डोक्यावर घेऊन बौद्धपुऱ्याची वाट धरली. इतक्या वर्षांत ती त्या वाटेने फक्त पुढे निघून गेली होती, कुठे थांबली नव्हती. वाटेत नाल्याकाठचा पट्टा लागला. शेवरी गुडघ्याच्या वर आली होती, ओळीत, निगुतीने पाणी दिलेली. वेल नसलेली सावली वाढत होती.

भागीरथा दारात तूर पाखडत होती. तिने सूप बाजूला ठेवलं, चटई टाकली, पाण्याचा तांब्या आणून दिला. सुभद्रा चटईवर बसली, पाणी प्याली. सगळं बोलायचं तिने वाटेत ठरवून आणलं होतं.

"बेणं आनलं तुह्यासाठी. जुन्या वेलाचं हाये, मी स्वतः काढलं. आन उद्यापासून कामावर ये. मी सांगतलं सगळ्याइले, थे माहं काम होतं म्हून. आयकलं असशीन तू."

"आयकलं."

"मंग?"

भागीरथाने पोतडं उलगडलं, एक कांडी हातात घेतली आणि अंगठ्याने तिच्या पेरावरचा कोंबाचा डोळा चाचपून पाहिला. तिला ते बेणं किती हवं होतं हे त्या अंगठ्यावरून दिसत होतं.

"तुमी सांगतलं, शेनाचा दोष होता," ती म्हणाली. "कबूल झालं समद्याइले. मंग समदे उठून घरी गेले. माह्या हातात दोष नोता, असं कोन म्हनलं, काकू?"

सुभद्रा आठवू लागली. जाळी, माल, काम, बेणं, उन्हाळ्याचं पाणी. बैठक तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत मनात फिरवून पाहिली. ते एक वाक्य तिला कुठेच सापडेना. तिने स्वतःही ते म्हटलं नव्हतं.

"मी म्हनतो ना," ती घाईने म्हणाली. "तुह्या हातात काहीच दोष नोता, भागीरथा. माफ कर मले."

"मले नोका सांगू." भागीरथाचा आवाज चढला नाही. "मले तं तवाच ठाऊक होतं."

तिने कांडी परत पोतड्यात ठेवली आणि पोतडं होतं तसं गुंडाळलं. आत नेलं नाही. दाराशेजारच्या कडुलिंबाच्या सावलीत ठेवलं आणि तांब्यातलं उरलेलं पाणी त्यावर शिंपडलं.

"बेणं वलं राहीन तवरिक. मी पानी मारत जाईन," ती म्हणाली. "जिथं माहं नाव घेतलं, तिथं सांगून या. मंग लावतो."

सुभद्रा उठली.  शेणाला दोष देणं सोपं होतं, शेण काही उलटून बोलत नाही. पण तो आपला गट, ते पोक्त पुरुष, त्यांना आता जाऊन सांगायचं होतं की घाण तुमच्या जिभेवर होती आणि पहिली माझ्या. हे ऐकल्यावर कोणी तिला हात जोडणार नव्हतं.

नाला ओलांडून ती गावात शिरली. तिच्या घराचं फाटक डाव्या हाताला होतं, अंगण कोरडं पडून त्याला भेगा गेल्या होत्या. ती तिथे वळली नाही. समोर एसटीच्या थांब्यावर चहाच्या टपरीपाशी नत्थुजी, महादेवराव आणि गटातले आणखी चार जण बसले होते. बायका त्या टपरीवर जात नसत. सुभद्राने पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला आणि ती सरळ त्यांच्याकडे चालत गेली.